फाटकी पानं वर

सुनेने पूजेसाठी विड्याची पानं आणली. पुडकं सोडताच ओला, तिखट वास आला आणि मी पन्नास वर्षांपूर्वीच्या आगाशीच्या पानवाडीत जाऊन बसले.

कामाचा पहिलाच आठवडा होता. मी टोपलीत पानं रचत होते. घरी जे आधी संपवायचं ते वर ठेवायची सवय, म्हणून दोन-चार फाटकी, डागी पानं मी वरच लावली. शेजारची हिराकाकी हसली.

"अगं, चांगली पानं वर दाखवायची असतात. उद्या कोण बोलावणार तुला?"

बदलायला वेळच मिळाला नाही. व्यापारी आलाच. वरची पानं बघून त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. त्याने टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली पानं काढून पाहिली. सगळी हिरवीगार.

"ही कोणी भरली?"

काम गेलं असंच मला वाटलं. हिराकाकीच म्हणाली, "आमच्या शेवंतीने."

"हिच्या टोपल्या वेगळ्या ठेवा. त्या मी उघडून न बघताच घेईन."

आता हसू येतं. त्या दिवशी मी प्रामाणिक वगैरे नव्हते, मला रीत ठाऊक नव्हती एवढंच. पण त्याने शब्द पाळला, माझी टोपली पुन्हा कधी उघडली नाही. म्हणून पुढची वीस वर्षं, पाठवण्याआधी प्रत्येक टोपली मीच एकदा उघडून बघायचे.