फुलं वाहिलेली चूल

अमेरिकेत बॉथेलला मुलाच्या घरी मी भाकरी थापायला घेतली की नात टॉवेल घेऊन स्मोक अलार्मखाली उभी राहते. "आज्जी, गो स्लो," म्हणते. भाकरीची कड करपली तरी तो डबा घर डोक्यावर घेतो. मला मात्र तेव्हा होंडुरासमधली एक चूल आठवते आणि ती बांधणारी शहाणी बाई. म्हणजे मीच.

तेव्हा आम्ही ओहायोत, डब्लिनला होतो. पन्नाशी ओलांडलेली, मुलं कॉलेजात, आणि बाईसाहेब तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सेवा समितीच्या अध्यक्ष. जग आपलीच वाट बघत खोळंबलंय अशी समजूत. आमचे हे डॉक्टर. डोंगरातल्या एका खेड्यात आठवडाभर दवाखाना चालवायला निघाले, तर मीही बिनधुराच्या चुली घेऊन मागोमाग. चुलीचं चित्र मीच काढलेलं. "मी चुलीपुढे वाढलेय," असं मीटिंगमध्ये ठणकावलं होतं. खरं तर चुलीपुढे बसायची माझी आई. मी पाटावर बसून आयतं गिळायची.

पहिली चूल एका तिशीतल्या बाईच्या घरी बांधली. मातीच्या भिंती, वर पत्रा, खिडकी नाही; पाणी तिची मोठी मुलगी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणायची. तीन दगडांत जाळ, आणि त्या धुरात तिचा खोकला. यांनी तिची छाती तपासली. मला म्हणाले, "औषधं देईन, पण धूर थांबायला हवा. ते तुझ्याकडे."

मी थांबवला की. विटांची चूल, छपराबाहेर धुराडं, वर दोन गोल तोंडं: एकावर कुकर, एकावर कढई. कुकर त्या गावात एकाकडेही नव्हता.

काही महिन्यांनी तिथल्या शाळेच्या मास्तरांनी फोटो पाठवला. चूल पांढरीशुभ्र, वर मेरीमातेची तसबीर, कागदी फुलं. मंडळाच्या संक्रांतीला मी तो पडद्यावर दाखवला. म्हटलं, बघा, आपल्यासारखीच चुलीची पूजा करतात. टाळ्या पडल्या. काजळीचा एक ठिपका कसा नाही, हे विचारायचं त्या भरल्या हॉलमध्ये एकीलाही सुचलं नाही, आणि मला तर नाहीच.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. चुलीवर फुलं तशीच. बाई मागच्या कोपऱ्यात, तीन दगडांपुढे, परातीएवढ्या मातीच्या तव्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. मधे थांबून खोकत होती.

"चूल का नाही वापरत?" मी मास्तरांकरवी विचारलं.

"छान आहे, सेन्योरा. पण तवा कुठे ठेवू? तोंड लहान, कडा कच्च्या राहतात."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

ती हसली. "तुम्ही इतक्या लांबून आलात. किती खुशीत होतात."

दिवसातून तीन वेळा भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला मी वरणभाताची चूल दिली होती. आणि मी भाकरीवर वाढलेली.

"वर सपाट लोखंडी पत्रा टाकला की झालं," मास्तर म्हणाले. "खालच्या बाजारात मिळतो. उद्या पिकअप जातेय."

पैसे माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होते. मी काय म्हणाले असेन? "समितीपुढे ठेवते. सगळ्याच चुली एकदम बदलू."

मग रिपोर्ट. मी तो अनुक्रमणिकेसकट लिहिला. समितीने दुरुस्त्या सुचवल्या, मग गणपती आले, मग पिकनिक, मग यांची बायपास. मंजुरी मिळाली तेव्हा दुसरा हिवाळा सरत होता. मी मास्तरांना ईमेल केली. उत्तर दोन दिवसांनी आलं. बाई गेली होती. शेवटी शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं, बसूनच झोपायची. पत्रा तिच्या मुलीने स्वतःच आणून टाकला होता, आई जायच्या महिनाभर आधी.

सोबत फोटो होता. चूल काळीकुट्ट, पत्र्यावर भाकऱ्या भाजणारी ती मुलगी, फुलं कुठेच नाहीत. मेरीमाता भिंतीवर टांगलेली. तो मी मंडळात दाखवला नाही.

परवा नातीला माझ्या फोनमध्ये तो सापडला. "हू इज शी?"

"भाकऱ्या करणारी मुलगी."

"ही तू बांधलेली चूल ना? बाबा सांगतो."

"विटा मी लावल्या. चूल तिने केली," मी म्हटलं. "तू टॉवेल हलव, भाकरी लागतेय."