हॅलो औरंगाबाद, सोलापूर बोलतेय: निबंध वाचायला गेले त्याची गोष्ट

रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात. मी परिसंवादाला गेले.

त्याचं असं झालं, की आमच्या एम.ए.च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पत्रक आलं. (एम.ए. मी साठाव्या वर्षी केलं, बाहेरून. हसू नका.) छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयाचा मराठी विभाग ‘बोली आणि व्यवसाय’ या विषयावर दोन दिवसांचा परिसंवाद घेणार होता. निबंध मागवले होते. निवडलेले निबंध विभागाच्या अंकात छापणार, असंही खाली लिहिलं होतं. ग्रुपमधल्या तरुण मुलींनी अंगठे दाखवले आणि त्या पुढे गेल्या. मी मात्र ते पत्रक चार वेळा वाचलं, कारण माझ्याकडे विषय होता.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, सोलापूरच्या ट्रंक बोर्डावर. नव्या वाचकांसाठी सांगते. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवावा लागे. आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची आणि दोघींनी मिळून दोन माणसं जोडायची. तीन मिनिटं झाली, की मध्ये तोंड घालून विचारायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवू का?” नाव नीट ऐकू आलं नाही तर “मिरजेचा म, नाशिकचा न” असं गावागावांनी फोडून सांगायचं. एकमेकींना आम्ही नावानं नाही, गावानं हाक मारायचो. “हॅलो औरंगाबाद, सोलापूर बोलतेय.” या सगळ्या बोलण्यावर मी निबंध लिहिला: ‘ट्रंक कॉलची मराठी’.

फॉर्म भरताना अडले. ‘संस्थेचे नाव’ हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. पत्रकावरच्या नंबरवर फोन केला. संयोजक फरहाना मॅडम बोलल्या. म्हणाल्या, “ताई, त्यात ‘स्वतंत्र संशोधक’ लिहा आणि निर्धास्त या.” मी ते लिहिलं आणि स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसले. इतकी भारी पदवी मला खात्यानंसुद्धा कधी दिली नव्हती.

(तुम्हालाही असे कुणी भेटतील म्हणून सांगून ठेवते. त्याच सुमारास मला दोन ईमेल आले होते, ‘तीन दिवसांत निबंध छापू, आधी पैसे भरा’ असे. तिकडे जाऊ नका. संपादकाला फोन लागतो का आणि निबंध कोण तपासणार, एवढं विचारा. खरा संपादक फोन उचलतो आणि तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो.)

पहिला दिवस

जानेवारीतल्या थंडीत सकाळी सहाला ह्यांनी स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात. तुळजापूर, धाराशिव करत बीडला बस थांबली, तिथे चहा घेतला आणि कडक भाकरी, शेंगा चटणी सोडली. गेवराईच्या पुढे शहागडला गोदावरी ओलांडताना शेजारच्या बाईंनी नदीला नमस्कार केला, म्हणून मीही केला. रस्ता आता चांगला आहे. आठ तासांची तयारी ठेवा, सात लागले तर आनंद माना.

स्टँडजवळच्या लॉजमध्ये सामान टाकलं आणि रिक्षानं गुलमंडीला गेले. गल्ल्या, कमानी, कपड्यांची दुकानं, आणि भाषा अशी की वाक्य मराठीत सुरू होऊन दख्खनीत संपतं. एका छोट्या हॉटेलात नान-खलिया खाल्लं. पिवळसर, मऊ नान आणि तिखटजाळ रस्सा. मालकांनी विचारलं, “अकेल्याच का ताई? फिरायला?” मी म्हटलं, “निबंध वाचायला.” ते म्हणाले, “माशाअल्ला, मग नान और एक घ्या. खाली पोटी वाचू नका.”

दुसरा दिवस

माझं वाचन परिसंवादाच्या दुसऱ्या दिवशी होतं, म्हणजे एक दिवस मोकळा. तो मी मुद्दाम ठेवला होता. औरंगाबाद बोर्डावर कांता साळवे नावाची ऑपरेटर होती. सात वर्षं रोज तिचा आवाज कानात, पण आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. एस.टी.डी. आली, लोक परगावचे नंबर स्वतःच फिरवू लागले, बोर्ड बंद पडले आणि तिचा संपर्क तुटला. पेन्शनरांच्या ग्रुपवर विचारत विचारत पत्ता मिळाला, बिडकीनचा.

पैठणची बस धरायची, बिडकीनला उतरायचं. तासाभराचं अंतर. गावाबाहेर नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते इतके रुंद आणि मोकळे, की त्यांच्यावर एक म्हैस सावकाश चालली होती आणि तिला कुणी हॉर्न दिला नाही.

कांताचं घर सापडलं. दारात पांढऱ्या केसांची, उंच बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी काही न सांगता म्हटलं, “हॅलो औरंगाबाद, सोलापूर बोलतेय.”

तिच्या हातातली शेंग खाली पडली. “अगं बया! सोलापूर!” ती उठली, मला धरून अंगणात एक गिरकी घेतली आणि आत बघून ओरडली, “सूनबाई, सोलापूर आलं! च्या ठेव!” मग मला म्हणाली, “जय भीम. आता तू मला औरंगाबाद म्हणू राहिली, गावाचं नाव तर बदललं. काय म्हणशील?”

“तू सांगशील ते.”

“मग जुनंच चालू दे. नवं नाव लई मोठं हाये, म्हणंपर्यंत तीन मिनिटं व्हतील.”

जेवण झालं. मी तिच्यासाठी नेलेली शेंगा चटणी तिनं बरणीत न भरता आधी चमचाभर नुसतीच खाल्ली. मग मी निबंध काढला. त्यात एक प्रसंग होता, माझ्या मते सगळ्यात चांगला, आणि तो तिचा होता. नाव घातलं नव्हतं, तरी तिची परवानगी हवी होती.

प्रसंग असा. सोलापुरातून एका माणसानं औरंगाबादच्या एका कारखान्यात मेहुण्याला कॉल लावला. बहीण बाळंत झाली होती, ती बातमी द्यायची होती. पण हा माणूस बोलताना अडखळायचा. “मु... मुल... मुल...” पलीकडे बाप झालेला माणूस ओरडतोय, “मुलगा का मुलगी?” आणि दोन्ही शब्दांची सुरुवात एकच! तीन मिनिटं संपली. नियमानं मध्ये बोलायला हवं होतं. कुणी बोललं नाही. सहाव्या मिनिटाला शब्द सुटला, “मुलगी!” आणि पलीकडे सगळ्या कारखान्यानं आरोळी ठोकली. निबंधात मी लिहिलं होतं, की औरंगाबादच्या ऑपरेटरनं “दम धर, सोलापूर” असं म्हणून तो कॉल चालू ठेवला. मराठवाड्याच्या बोलीतली माया मी त्या वाक्यावरून सिद्ध केली होती.

कांतानं चष्मा लावून ते पान वाचलं. परत वाचलं. म्हणाली, “हे चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“कॉल कुठं बुक झाला?”

“सोलापूरला.”

“मग घड्याळ कुणापुढं?”

कॉल जिथे नोंदवला जातो, वेळ तिथलीच ऑपरेटर मोजते. घड्याळ माझ्यासमोर होतं.

“मी नुसतं ‘दम धर’ म्हणले,” कांता म्हणाली. “दम तू धरला, विजू.”

“पण मला चांगलं आठवतंय...”

“तुला आठवतंय ते तू सायबाला सांगितलेलं. तुझ्या सुपरवायझरनं विचारलं, सहा मिनिटं कशी झाली? तू म्हणलीस, औरंगाबादनं लाइन सोडली नाय. त्यांनी आमच्याकडं लिहिलं. मला मेमो आला.”

मग आठवलं. सुपरवायझर समोर उभे, मी नवीन, नोकरी कच्ची. होय, मी तसं म्हणाले होते. घाबरून केलेला बहाणा मी इतकी वर्षं गोष्ट म्हणून सांगत आले होते आणि आता संदर्भासह टाइप करून आणला होता. मेमोचं तर मला माहीतच नव्हतं.

“तू काय उत्तर दिलंस?”

“लिहून दिलं, लाइन अडकली व्हती.”

“राग नाही आला?”

“आला की! आठ दिवस तुझे कॉल समद्यात शेवटी लावले. तुला कळलं पण नाय.” आणि ती इतकी हसली, की सूनबाई बघायला बाहेर आली. मी रडत होते, मग मीही हसायला लागले.

“उद्याच्याला मी काय वाचू?” मी विचारलं. “हा प्रसंगच काढून टाकते.”

“काढू नको. खरं कर.” ती उठली. “मी येते संगं. पण मी बोलणार नाय हां. बसणार फक्त.”

तिसरा दिवस

खोली क्रमांक चार, समांतर सत्र. श्रोते एकवीस, त्यात कांता पहिल्या रांगेत, निळी काठाची साडी नेसून. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, बाराव्या मिनिटाला घंटा. माझ्या गळ्यात ओळखपत्र: नाव, त्याखाली ‘स्वतंत्र संशोधक’. माझ्या आधी एका विद्यार्थ्यानं कांदा-बाजारातल्या आडत्यांच्या खुणांवर सुंदर निबंध वाचला. वैजापूरचा होता, वडिलांबरोबर मोंढ्यात वाढलेला. त्याला पंधरा मिनिटं पुरली नाहीत, मला वाटलं आपल्याला दहासुद्धा सरणार नाहीत.

उभी राहिले तेव्हा पहिल्या ओळी पुटपुटल्यासारख्या आल्या. ‘मिरजेचा म’ ऐकून मुलं हसली, आणि आवाज परत आला. तोच जुना, बोर्डावरचा. सहाव्या पानावर मी थांबले. म्हटलं, “इथून पुढे माझ्या निबंधात चूक आहे. ती मला टाइप करताना नाही, काल बिडकीनला कळली.” आणि सगळं सांगितलं. कॉल, घड्याळ, सुपरवायझर, माझा बहाणा, तिचा मेमो. घंटा वाजवणारी मुलगी ऐकत राहिली, घंटा वाजवायची विसरली.

संपल्यावर एक ज्येष्ठ प्राध्यापक उठले. “बाई, ऑपरेटरनं लोकांचं खासगी बोलणं ऐकून त्यावर निबंध लिहावा का?” प्रश्न रास्त होता. पण माझ्या आधी ‘बोलणार नाय’ म्हणालेली कांताच उभी राहिली.

“सर, लाइन लागली का नाय बघायला ऐकावंच लागायचं. ऐकलेलं घरी नवऱ्याला पण नाय सांगितलं. हिच्या कागदात नाव नाय, नंबर नाय, कारखाना कोणता ते नाय. माणूस अडखळला आणि दोन बायांनी वाट पाहिली, येवढंच हाये. येवढं बी लिहायचं नाय, तर आम्ही तिथं व्हतो हे कोण सांगंल?”

सर हात जोडून खाली बसले. म्हणाले, “हे उत्तरसुद्धा निबंधात घाला.” टाळ्या वाजल्या. वैजापूरचा मुलगा सगळ्यात जोरात वाजवत होता.

जेवणाच्या रांगेत, वांग्याची भाजी आणि जिलबीच्या मधोमध, फरहाना मॅडमनी गाठलं. त्याच अंकाच्या संपादक. “ताई, निबंध घेणार आपण. पण एक शर्त. चूक पुसायची नाही. आधी काय लिहिलं होतं, मग काय कळलं, दोन्ही ठेवा. आणि लेखिका म्हणून दोन नावं.”

कांता जिलबी तोंडात धरून म्हणाली, “माझं कशाला? मी तर मॅट्रिक.”

“अंकात मॅट्रिकला बंदी नाही,” फरहाना मॅडम म्हणाल्या.

चौथा दिवस

परतीची बस दुपारची होती, म्हणून सकाळी खुलताबादच्या बसनं आम्ही दोघी दौलताबादला गेलो. बस किल्ल्याच्या दारातच सोडते. लवकर जा, पाणी न्या आणि गुडघ्यांशी आधी बोलून घ्या. कांता साडीवर सुनेचे स्पोर्ट्स शूज घालून आली होती. मिनारापाशी बसून फोटो काढले, खंदकावरचा पूल ओलांडला, आणि अंधारी नावाच्या काळोख्या भुयारात गाइडच्या टॉर्चमागे शिरलो. वटवाघळांचा वास, पायऱ्या ओल्या. कांतानं माझा हात घट्ट धरला होता. “आवाज ओळखीचा आन् हात नवा,” ती म्हणाली. वरच्या टोकापर्यंत गेलो नाही, अर्ध्यावरून दिसलं तेवढं पुष्कळ होतं. खाली येऊन मीठ-तिखट लावलेले पेरू खाल्ले आणि तिथेच बाकावर पाठकोऱ्या कागदावर सहावं पान दोघींनी नव्यानं लिहिलं. शब्दाशब्दावर भांडलो. ‘करुणा’ तिनं खोडून ‘दम’ केलं.

घरी

अंक यायला पाच महिने लागले. मधे परीक्षकांनी दोनदा दुरुस्त्या सांगितल्या, एकदा तर संदर्भसूची पूर्ण बदलायला लावली. कंटाळा येतो, पण करा. अशा छोट्या विभागांचे परिसंवाद गावोगावी होतात आणि त्यांना आपल्यासारखी माणसं हवी असतात. नर्स, कंडक्टर, कंपोझिटर. ज्यांनी आयुष्यभर एक भाषा बोलली आणि ती भाषा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

माझ्यापाशी काय राहिलं, ते सांगणं अवघड आहे. एक चांगुलपणा मी केला होता आणि भीतीपोटी तोच दुसरीवर ढकलला होता. दोन्ही गोष्टी आता माझ्या नावावर छापलेल्या आहेत. त्यानं हलकं वाटतं.

अंक आला त्या दिवशी ह्यांनी पाकीट दारातच फोडलं आणि उभ्या उभ्या सगळा निबंध वाचला. मग आत येऊन बसले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण माझ्या नोकरीबद्दल ह्यांनी ‘ड्यूटी किती वाजता’ यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

“अगं,” ते म्हणाले, “अजून काय काय ऐकलंस तिथं?”

“ते नाही सांगणार,” मी म्हटलं.

ते मोठ्यांदा हसले आणि अंक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागले.