तांब्यातलं उकळलेलं पाणी

गेल्या मंगळवारी शिरूरला, मुलांच्या डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये, मी चांगलाच तोंडघशी पडलो... सोबत बायको होती, आई होती आणि आईच्या मांडीवर आमची पाच महिन्यांची सई. हे लिहू की नको असं चाललं होतं, पण आईच म्हणाली, "ल्ही की. कुनाच्या तरी लेकराला उपेग व्हईल."

झालं असं, की त्याच्या आधीच्या शुक्रवारी सईला ताप भरला. कानात इन्फेक्शन निघालं आणि मॅडमनी अँटिबायोटिक लिहून दिलं. मी शिक्रापूरला खोली घेऊन राहतो, तिथं एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाकी सगळे न्हावऱ्यात, घरी. सुट्टी टाकून तडक आलो आणि सगळा कारभार हातात घेतला.

कारभार म्हणजे काय, तर पहिल्यांदा आईवर डाफरलो. आई सईला रोज बाळगुटी द्यायची... हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, प्रत्येकाचे सहाणेवर मोजून वेढे. संध्याकाळी सई पाय पोटाशी घेऊन रडायची आणि गुटीने शांत व्हायची, असं आईचं म्हणणं.

मी मोबाईलवर वाचून आलो होतो, की अँटिबायोटिक चालू असताना असलं काही द्यायचं नाही. ते सांगायची एक पद्धत असते... ती मला सुचली नाही. "तुझ्या असल्या प्रयोगांनीच पोरगी आजारी पडते" असं बोललो आणि सहाण, गुटीची पुरचुंडी, सगळं उचलून माळ्यावर टाकलं.

औषध पावडरच्या बाटलीत होतं. मेडिकलवाल्याने सांगितलं, उकळून गार केलेलं पाणी रेषेपर्यंत घाला आणि नीट हलवा. हे काम मी कुणाला करूच दिलं नाही. ओट्यावर फडकं बांधलेला स्टीलचा तांब्या होता, सईसाठी उकळलेलं पाणी त्यातच असतं हे माहीत होतं. त्यातलं ओतलं, रेषेला डोळा लावून बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो.

पुढचे दिवस वाईट गेले. चमचा तोंडाला लागला की सई थुंकायची, थोडं पोटात गेलं तर उलटी. ताप काही हटेना, बायको रडकुंडीला आली.

आणि मी? मी मनात आईलाच दोष देत होतो... वाटायचं, माझी पाठ वळली की ही चोरून गुटी देत असणार. एकदा तर माळ्यावर चढून पुरचुंडी बघून आलो. तिची गाठ मी टाकली तशीच होती, तरी संशय गेला नाही.

मंगळवारी मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, ताप असाच राहिला तर ॲडमिट करून शिरेतून औषध द्यावं लागेल. एवढ्याशा हाताला सुई... मग त्यांनी विचारलं, बाळाच्या पोटात आणखी काय काय जातं? मी नुसतं आईकडे बघितलं.

आईने पिशवीतून सगळं काढून टेबलावर ठेवलं. औषधाची बाटली, चमचा आणि माळ्यावरून उतरवून आणलेली पुरचुंडीसुद्धा. "शुक्रवारपासनं ही दिली न्हाई, म्याडम. पन तुमाला बघायला असावी म्हनून आनली."

मॅडमनी पुरचुंडी बाजूला ठेवली आणि बाटली उजेडात धरली. औषध पांढरं असायला हवं, हे तपकिरी का दिसतंय? पाणी कोणी घातलं? मी म्हणालो, मी, उकळून गार केलेलं.

"कुठलं रं? त्या तांब्यातलं व्हय?" आईने विचारलं. मी मान हलवली. ती मॅडमकडे वळून म्हणाली, "चूक माझी हाय, म्याडम. त्या पान्यात मी वावडिंग टाकून उकळती, पोटाला बरं म्हनून. त्याला काय ठावं?"

चार दिवस मी जिच्यावर संशय घेतला, ती माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती. कंपनीत येणारा माल तपासणं हे माझं काम, एक पार्ट न बघता आत घेत नाही... आणि पोटच्या पोरीच्या औषधात काय पडतंय ते मी बघितलं नव्हतं. फार लाज वाटली. "नाही मॅडम, मीच घातलं, आईला विचारलंही नाही," एवढं कसंबसं बोललो.

मॅडम रागावल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी समजावलं... वावडिंगाने या औषधाचं नक्की काय झालं, ते सांगता येणार नाही. पण त्यात दुसरं काही मिसळलं की औषध किती लागू पडलं, हेच कळेनासं होतं. गुटीचंही तसंच. जुलाब हिरड्याने झाले की अँटिबायोटिकने, बाळ जायफळाने पेंगतंय की तापाने, डॉक्टरला कसं कळणार? म्हणून विचारल्याशिवाय काही देऊ नका, आणि दिलं असेल तर लपवू नका. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, वरचं पाणीही लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

नवी बाटली सिस्टरनी आमच्यासमोर तयार करून दिली. सई दूध नीट पीत होती, म्हणून मॅडमनी ॲडमिट न करता दोन दिवस बघायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी तिच्या कपाळाला हात लावला, तर गार... आज ती पालथी पडून माझा मोबाईल ओढतेय.

आईची माफी मागितली, तर ती "व्हय, व्हय" म्हणत भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बघतो, तर तांब्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. "ह्यात चमचा धुवायला नुसतं पानी हाय, काय बी टाकलं न्हाई. आन् तरी बी घ्यायच्या आधी मला इचार," असं म्हणाली.

विचारीन, आई. त्या दिवशी तू पिशवी भरून सगळं आणलं नसतंस, तर मी अजूनही तुझ्याकडेच बघत बसलो असतो.