जॉब थंड होईपर्यंत

श्रमाची प्रतिष्ठा म्हणजे काय, हे मला आमच्या मामांनी शिकवलं. शिकवताना ते बहुधा स्टुलावर बसून बिडी ओढत असत.

ऐंशीच्या सुमारास मी वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टोअरचा कारकून होतो आणि मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, तिथले टर्नर. पावणे गावचेच. आमच्या वाशीच्या बिल्डिंगीत जॉब म्हणजे नोकरी. ती असली की मुलगी मिळे. शेठच्या तोंडी जॉब म्हणजे ऑर्डर. मामांचा जॉब म्हणजे लेथवर धरलेला लोखंडाचा तुकडा. त्याच्याविषयी ते घरच्या माणसाविषयी बोलावं तसं बोलत. "आज जॉब रुसलाय." "हात नको लावू, निजलाय."

कापलेला जॉब ते लगेच मोजत नसत. समोर बसून नुसते बघत. कोणी घाई केली की ठरलेलं उत्तर: "गरम हाय. गरम जॉब खोटा बोलतो." तापलेलं लोखंड फुगतं आणि मायक्रोमीटरवर जाड भरतं, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा नव्या वसाहतीच्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, आमच्याकडे कातायला आला. दुपारी चारला उद्‌घाटन; मंडप, हार, पाहुणे. शेठनी गरम शाफ्टच मोजला.

"मामा, अजून जाड आहे. मारा एक कट."

मामांनी मशीन बंद केलं. "आता मारला तर थंड झाल्यावर ढिला पडंल. मंग पंप नुसता खडखडंल."

"अहो, पाहुणे निघालेत!"

"त्यांना बोला, पानी पिऊन या."

शेठचा तोल गेला. "कट मारायचा नसेल तर उद्यापासून येऊ नका!"

"बरं," म्हणून मामांनी बिडी पेटवली. त्यांच्या घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. घाम मला फुटला.

तासाभराने मोजलं. माप बरोब्बर. तोवर तिकडे पाहुण्यांनी ठरल्या वेळी बटण दाबलं होतं, टाळ्याही झाल्या होत्या. पाणी आलं दिवेलागणीला. तेव्हा बायकांच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या, त्यामुळे टाळ्या झाल्या नाहीत.

पाळी सुटल्यावर मामांनी स्वतःचा मायक्रोमीटर डब्याच्या पिशवीत घातला आणि ते घरी गेले. शेठनी ते पाहिलं.

उजाडताच शेठ माझ्या दारात. आम्ही दोघे पावण्याला गेलो. मामा ओट्यावर कोळंबी सोलत बसले होते.

शेठनी हात जोडले. "मामा, माझं चुकलं. वर्कशॉप तुमचंच आहे. तुमच्यासारख्यांच्या हातांवर तर हे नवं शहर..." भाषण चांगलं पाच मिनिटं चाललं. कालच्या पाहुण्यांपेक्षा बरंच बरं झालं.

"बसा, शेठ," मामा म्हणाले. "येतो ना. उद्या."

"आज का नाही? मायक्रोमीटरसुद्धा नेलात."

"तो तेल द्यायला आनलाय."

"मग राग गेला नाही म्हणायचा?"

"राग कसला? आज शुक्रवार हाय."

शुक्रवारी सगळ्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी असायची.