अंगठ्यांच्या मालकिणी

चिकपेट बाजाराच्या मागे झाडूवाल्यांची वस्ती होती आणि तिथे एकही नळ नव्हता. शेजारच्या गल्लीतल्या नळाला या बायकांना कुणी हात लावू देत नसे. कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतायचं. मी तेव्हा पालिकेच्या कचेरीत नवा कारकून होतो.

दर सोमवारी त्या वस्तीतली एक काटक, पन्नाशीची बाई नळासाठी अर्ज घेऊन यायची. पदराला हात पुसून मगच ती कागद उलगडायची. खाली साठ बायकांचे अंगठे असत. साहेब मान वर न करता विचारायचे, "हे अंगठे यांचेच कशावरून?" मग अर्ज परत. परतीचा शेरा मी लिहायचो.

चौथ्या सोमवारी सगळा व्हरांडा बायकांनी भरला. ती शांतपणे, कानडी मिसळलेल्या मराठीत मला म्हणाली, "अण्णा, तुमच्या साहेबांना अंगठे ओळखू येत नाहीत. म्हणून अंगठेवाल्याच आणल्यात. स्वल्प वेळ लागला तरी बसतो."

साहेबांनी शिपायाला त्यांना हाकलायला सांगितलं. एकही उठली नाही. दुपारी साहेबांना शाईची गादी घेऊन स्वतः बाहेर यावं लागलं आणि साठही अंगठे त्यांच्यासमोर पुन्हा उमटले.

उन्हाळ्याआधी नळ आला. साहेबांनी नारळ फोडला आणि "आम्ही तुम्हाला पाणी दिलं" असं भाषण केलं. ती मागे घागर घेऊन उभी होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही. त्याचा मला आलेला संताप अजून जात नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे. साहेबांचा हार धरून मीच उभा होतो.