मोहरीची राखण

नंदुरबारजवळच्या एका गावाबाहेर पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. ते काम बंद पडलं, पण शिसं मातीत राहिलं. आमच्या कृषी महाविद्यालयाने तिथे मोहरी पेरली. मुळांशी एक बुरशी सोडली की तिच्या मदतीने मोहरी मातीतलं शिसं ओढून घेते. मग ती कापून दूर न्यायची, कुणाच्या तोंडी लागू द्यायची नाही.

मी मातीचे नमुने घ्यायला जायचो तेव्हा बांधावर एक आजी बसलेली असे. तिला कुणी नेमलं नव्हतं. शेळी दिसली की गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि पदर झटकत तिला हुसकायची. तिच्या स्वतःच्या सगळ्या शेळ्या इथलंच गवत खाऊन मेल्या होत्या.

"इतला कवळा पाला शे," ती एकदा म्हणाली, "बकरीले कसं समजी?" मग तिने विचारलं, "भाऊ, माटी चांगली व्हवाले कितला वरीस लागतीन?"

"पंधरा-वीस तरी लागतील, आजी."

तिने बोटांवर वर्षं मोजली. "तवलोंग मी ऱ्हासू का? मंग बकऱ्यास्ले कोन हाकली?"

कुंपण घालू, असं मी म्हणालो. ते झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा आजी गेल्याचं कळलं. मोहरीचे शेंडे जागोजाग कुरतडलेले होते. त्या दुपारी मी नमुने घेतलेच नाहीत, बांधावर बसून शेळ्या हाकत राहिलो. पाचच्या एसटीसाठी उठावं लागलं, तेव्हा त्या फार लांब गेल्या नव्हत्या.