सातव्या हंगामातले खडे

माझ्या तोंडून आजवर निघालं नाही असं फारसं काही उरलेलं नाही. जे एक उरलंय, ते हे.

आमच्या घराण्यात बारसं असो की तेरावं, जेवणं उरकली की मला सतरंजीच्या मधोमध बसवतात आणि म्हणतात, होऊन जाऊ द्या. मग मी होऊ देतो. इतकी वर्षं इतकं बोललो, की त्या बोलण्याच्या आड एक गोष्ट आरामात लपून बसली. अबोल माणसाला लोक कधीतरी विचारतात, काय रे, काय झालं? बडबड्याला कोण विचारणार?

माझा सगळ्यात खपणारा माल म्हणजे आमच्या कारखान्याच्या हॉकी टीमचा इतिहास. हंगामवार. आमच्या शहरात छावणीच्या मैदानांवर हॉकी पोलीस अ‍ॅक्शनच्याही आधीपासून आहे. निजाम गेला, पलटणी बदलल्या, हॉकी राहिली. आमच्या साहेबांना तिचं वेड होतं, म्हणून त्यांनी टीम काढली. खेळाडू म्हणून कामावर घ्यायचं, सकाळी मशीन, दुपारनंतर मैदान. तीन हंगाम नीट खेळला की माणूस कायम. म्हणजे हॉकी हा आमचा खेळ नव्हता. नोकरी होती.

पहिला हंगाम — सगळे सामने हरलो. एका सामन्यात एकमेव गोल आम्ही केला, तोही स्वतःवर. दुसरा हंगाम — एक सामना बरोबरीत सुटला आणि आम्ही असे नाचलो की समोरच्या टीमला वाटलं, आपलंच काही चुकलं. चौथ्या हंगामात उपविजेत्यांचा कप मिळाला, त्याचा एक कान येताना टेम्पोत गळून पडला. पाचव्या हंगामात भानुदास आला. सहाव्यात आम्ही जिंकलो. सातवा...

सातव्यावर मी नेहमी थांबतो. लोकांना वाटतं, रंगत आणायला थांबतोय.

माझी जागा आधी सांगून टाकतो. मी राखीव खेळाडू. सात हंगामांत मैदानावर एकूण अकरा मिनिटं खेळलो. त्यातली चार मिनिटं मला कुणी पास दिला नाही आणि उरलेली सात मिनिटं, दिला म्हणून पस्तावले. पण अक्षर चांगलं होतं. म्हणून टीमची वही माझ्याकडं आली — कुणाविरुद्ध, किती गोल, कुणी मारले, कुणाला लागलं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबलचक वही. ती काखेत धरून चालताना मला वाटायचं, खेळतात ते, पण उरणार ते माझ्यामुळं. गंमत बघा — खरंच तसं झालं.

भानुदास माझा मामेभाऊ. गंगापूरजवळच्या खेड्यातला, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला टीममध्ये आणला मीच. शाळेच्या मैदानावर बाभळीच्या फांदीची स्टिक करून खेळायचा पोरगा, साहेबांनी पाच मिनिटं बघितला आणि ठेवून घेतला. बॅकवर खेळायचा. शांत. त्याच्या पायातून चेंडू काढणं म्हणजे बैलाच्या तोंडातून कडबा काढणं. त्याची एक खोड होती. कोच लोक घसा फोडून सांगतात, की आपल्या गोलपुढून चेंडू आडवा मारू नये, चुकला तर घात होतो. भानुदास मारायचा. उजवीकडून थेट डावीकडं, जमिनीला धरून, मांजर पळाल्यासारखा सरळ. कधी चुकला नाही. दोन हंगाम नाही. सातवा त्याचा तिसरा. तो संपला की तो कायम होणार होता. मामानं मुलगीसुद्धा बघून ठेवली होती.

गोलमध्ये सलीम. गोली म्हणून शहरात नाव होतं त्याचं. अंगावर पॅड, आणि तोंडाला काहीच नाही — हेल्मेट तेव्हा आमच्याकडं नव्हतंच.

आता मैदानाचं सांगायला हवं. हे मी कधीच सांगत नाही. एवढ्या वर्षांत एकाही ऐकणाऱ्याला मैदान कशाचं होतं हे मी सांगितलेलं नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मैदान मुरमाचं होतं. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पण मुरूम शेवटी दगडच. आज दाबलेला खडा उद्या डोकं वर काढतो. म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी खडे वेचायचे, आणि ते काम राखीव खेळाडूंचं. ज्याचा त्याचा पट्टा ठरलेला. हातात घमेलं घेऊन वाकत वाकत जायचं, बोराएवढा खडासुद्धा सोडायचा नाही, आणि शेवटी भरलेलं घमेलं कप्तानाला दाखवायचं. माझ्याकडं पाण्याच्या टाकीकडची डी होती. डी म्हणजे गोलपुढचा अर्धगोल, जिथं सगळ्यात जास्त धुमश्चक्री होते, ती जागा.

उपांत्य सामन्याच्या सकाळी मी घमेलं घेऊन गेलो. चार-दोन खडे उचललेही. आदल्या दिवशी आम्ही मोठा सामना जिंकलो होतो आणि त्याचं वर्णन वहीत लिहायचं राहिलं होतं. डोक्यात वाक्यं तयार होत होती. मग मला वाटलं, की लिहिणाऱ्या माणसानं खडे काय वेचायचे? मी टाकीच्या कट्ट्यावर बसलो आणि लिहीत राहिलो. चांगलं लिहिलं हो. अजून वाचलं तर बरं वाटतं.

कप्तानाची शिट्टी आली तेव्हा माझं घमेलं रिकामं. मैदानाच्या कुंपणामागं आधीच्या आठवड्यांच्या खड्यांचा ढीग होता. त्यातले ओंजळी-ओंजळीनं घेऊन मी घमेलं भरलं. जरा जास्तच भरलं. कप्तानानं ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "बघा रे, काम असं पाहिजे!"

मी लाजल्यासारखं केलं.

दुसऱ्या अर्ध्यात टाकीकडची बाजू आमची झाली. चेंडू आमच्या डीत आला, भानुदासनं अडवला, मान वर करून डावीकडं बघितलं आणि त्याचा तो आडवा फटका मारला. मी बाहेर, गोलच्या रेषेला बसलेलो. माझ्याइतकं सरळ कुणालाच दिसत नव्हतं. चेंडू जमिनीला धरून निघाला. तीन हात गेला. आणि मग नुसता टक् असा आवाज झाला, आणि चेंडू वर उडाला. सलीम दोन पावलं पुढं आलेला होता.

पुढचं वर्णन करत नाही. दरवेळी करतो, आज नाही.

सगळे सलीमकडं धावले. मीही धावलो. पण मी सलीमकडं नाही धावलो. मी खड्याकडं धावलो. सुपारीएवढा होता, त्याच्यावर चेंडूचा पांढरा ओरखडा होता. मी वाकलो, तो उचलला आणि खिशात टाकला. त्या दिवशी त्या डीतून मी वेचलेला तो शेवटचा खडा. गोष्टीतला माणूस असता तर त्यानं तो जन्मभर जपून ठेवला असता. मी संध्याकाळी खाम नदीच्या पुलावरून गटारात फेकला आणि घरी जाऊन जेवलो. दोन भाकरी. आठवतंय.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात भानुदास भिंतीला टेकून बसला होता. अंगात अजून टीमचीच बनियन. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, की सलीमचा डावा डोळा गेला. कप्तान त्याला सगळ्यांसमोर म्हणून गेला होता, "किती येळा सांगितलं तुला, आडवा मारू नको म्हणून! आन् वरून उचलला!" सगळे पांगल्यावर भानुदासनं माझ्याकडं बघितलं.

"दादा, तू बाजूलाच हुता. मला तर खालूनच गेल्यागत वाटला. उचलला गेला का रं माझ्याकडनं?"

बघा, किती सरळ प्रश्न. 'व्हय' किंवा 'नाय', एवढंच उत्तर. तो तेवीस वर्षांचा होता, त्याची नोकरी माझ्या जिभेच्या टोकावर होती, आणि व्हरांड्यात तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "थोडा उचलला गेला, भानू."

थोडा! तो 'थोडा' मी का घातला असेल? खोटंसुद्धा मला पुरतं बोलवलं नाही.

तो म्हणाला, "मग माझंच चुकलं." महिन्याभरात स्टिक माझ्या घरी आणून ठेवली आणि गंगापूरला निघून गेला. कुणी काढलं नाही त्याला, साहेब तर थांब म्हणत होते. त्यालाच मैदानात पाय ठेववेना. ती बघून ठेवलेली मुलगी कायम नोकरीवाल्याकडं गेली. घरच्या उसात उतरला, पुढं त्याचं लग्न झालं, पोरं झाली. चांगलं चाललंय त्याचं. पण हे चांगलं चाललंय म्हणून मी किती वर्षं स्वतःला सोडवून घेणार?

आणि मी वहीत लिहिलं. निळ्या शाईनं, वळणदार. 'भानुदासच्या आडव्या व उचललेल्या फटक्यामुळे गोलरक्षक जायबंदी.' इथं 'थोडा' लिहिला नाही.

इथवर भित्रेपणा होता असं म्हणता येईल. पुढचं काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. त्या उन्हाळ्यात एका लग्नात कुणीतरी भानुदासचं विचारलं आणि मी चटकन म्हणालो, "उसवाला माणूस तो, आडवं पाडायचीच सवय!" मांडव हसला. तेव्हापासून तो 'आडव्या' झाला. नाव मी ठेवलं. आज घराण्यातली लहान पोरं त्याला आडव्याकाका म्हणतात आणि तो 'ओ' देतो.

आठव्या हंगामात टीम पडायला लागली, नवव्यात साहेब बदलून गेले, दहाव्यात टीम मोडली. पण माझी गोष्ट चालू राहिली. दरवेळी सातव्या हंगामात मी उठून उभा राहतो, उलथणं नाहीतर छत्री हातात घेतो आणि भानुदासचा फटका करून दाखवतो — असा उचलून, खांद्यावरून. हा फटका त्यानं आयुष्यात कधी मारलेला नाही.

मागच्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नातही करून दाखवला. नव्या जावयानं हसत हसत सासऱ्याला विचारलं, "मामा, खरंच असा मारला होता?" भानुदास पत्रावळी उचलत होता. तो म्हणाला, "दादानं बघितलंय म्हणजे तसाच असंल." लोक हसले. मला तिथं बोलता आलं असतं. मी काय केलं? पुन्हा एकदा करून दाखवला.

आणि सलीम? सलीमचं औरंगपुऱ्यात दप्तरांचं दुकान आहे. दर वर्षी दिवाळीच्या आधी भानुदास गंगापूरहून एसटीनं येतो, त्याला शटर ओढायला लावतो आणि उरलेला डोळा तपासायला घेऊन जातो. एकही वर्ष चुकलेलं नाही. सलीम कुरकुरतो, "अरे भानू, नक्को ना यार, मेरेकू बराबर दिखता. तेरे सफेद बालां भी दिखते." पण जातो. तपासून झालं की दोघं रिक्षानं गारखेड्याला माझ्याकडं चहाला येतात. भानुदास बसायच्या आधी सांगतो, "डोळा चांगलाय म्हणले." परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा चेहरा असतो त्याचा. माझी परीक्षा तो देतो. दर वर्षी. मी चहात साखर किती, विचारतो.

आता टीमची जुनी मंडळी एकत्र येणार आहेत. हंगामवार इतिहासाची पुस्तिका छापायची ठरली आणि लाल वही उतरवून काढायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. सहा हंगाम भराभर झाले. सातव्याला चार दिवस लागले. वहीतली नोंद चारच ओळींची आहे.

परवा ते दोघं चहाला येतील. नव्यानं लिहिलेलं पान मी टेबलावर ठेवणार आहे, भानुदासला चष्मा लागतो म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय. वाचून झाल्यावर तो चहा घेईल की नाही, ते त्याचं तो बघेल. नवी नोंद अशी आहे:

सातवा हंगाम. उपांत्य सामन्याच्या सकाळी टाकीकडच्या डीतले खडे वेचलेले नव्हते. ते काम माझं होतं. कप्तानाला दाखवलेले खडे कुंपणामागच्या ढिगातले होते. दुसऱ्या अर्ध्यात चेंडू त्या डीतल्या खड्यावरून उडाला आणि सलीमचा डावा डोळा गेला. तो खडा मी उचलून लपवला. भानुदासचा फटका जमिनीला धरून होता. मी पाहिला होता.